आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला लॅपटॉप: देणगी स्वीकारावी का?

प्रश्न (शाळा व्यवस्थापन समिती सदस्य):
आमच्या माध्यमिक शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने आठवीच्या ४२ मुलांना प्रत्येकी एक लॅपटॉप देण्याची तयारी दाखवली आहे. वर्गात विजेचे दोनच सॉकेट चालू आहेत आणि यंत्रे मुलांनी घरी न्यावीत की शाळेच्या कपाटात ठेवावीत, यावर समितीत एकमत होत नाही. ‘धर्माची गाय आणि दात का नाय’ असे कोणी म्हणेल, याची मला जाणीव आहे. तरीही होकार देण्यापूर्वी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

उत्तर (निवृत्त गणित शिक्षक):
पेरू या देशाने ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ (प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप) या आंतरराष्ट्रीय योजनेखाली आठ लाखांहून अधिक यंत्रे वाटली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा गणित आणि भाषा या विषयांच्या गुणांत फरक आढळला नाही. सर्वसाधारण आकलनाच्या चाचण्यांत मात्र थोडी प्रगती दिसली. याचे मला आश्चर्य वाटत नाही. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते, आणि यंत्र हाती आले तरी फळ्यावरचा पाठ पूर्वीसारखाच चालू राहिला. उद्याच्या तासाला लॅपटॉपवर नेमके काय करायचे, हे शिक्षकाला ठाऊक नसेल, तर मुले ते स्वतःच ठरवतात आणि बहुधा खेळ निवडतात. म्हणून देणगीदाराला आधी विचारा, की शिक्षकांच्या वर्षभराच्या प्रशिक्षणाचा खर्च ते देतील का.

उत्तर (संगणक शिक्षिका):
सरांचे म्हणणे पटते, परंतु पेरूवर थांबू नये. आपल्याकडे कर्जतजवळच्या खैराट या वाडीतील शाळेत २००७ साली याच योजनेची यंत्रे आली होती. तेथे वर्ग लहान होता, आणि लहान वर्गात प्रत्येक मुलाकडे लक्ष देणे सोपे जाते, ही बाब मला महत्त्वाची वाटते. उरुग्वेने २००७ ते २००९ या काळात सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांना यंत्रे दिली. गणित आणि वाचनाच्या गुणांत तिथेही मोठी झेप दिसली नाही, पण त्याच योजनेतील इंटरनेटच्या जाळ्याच्या आधारे पुढे इंग्रजीचे शिक्षक नसलेल्या शाळांत दूरचित्रसंवादाने इंग्रजी शिकवता आले. म्हणजे यंत्रापेक्षा त्यामागची जोडणी कामी आली. तुमच्या वर्गात दोनच सॉकेट असतील, तर ४२ यंत्रे रोज चार्ज कशी होणार?

उत्तर (पालक):
घरी न्यायचे ठरल्यास, यंत्र फुटले तर भरपाई कोणाची, हे आधी कागदावर लिहून घ्यावे. भरपाईच्या धास्तीने आम्ही पालकच ते मुलांच्या हाती देणार नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर:
सर्वांचे आभार. दोन मुलांमागे एक याप्रमाणे २१ यंत्रे घ्यावीत आणि उरलेली रक्कम वायरिंग, दुरुस्ती व प्रशिक्षणासाठी राखून ठेवावी, असा प्रस्ताव मी देणगीदारांपुढे ठेवतो. ‘प्रत्येकी एक’ हा त्यांचा आग्रह आहे, तेव्हा ते नाराज होतील, अशी शक्यता आहे.