मदत हवी आहे: डाळिंबाची कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या

सोलापूरची चुनखडीयुक्त जमीन, सामू (पीएच) ८.४, ठिबक सिंचन. मॅग्नेशियमची कमतरता आधी जुन्या पानांवर दिसते; इथे खालची जुनी पाने गर्द हिरवी आहेत, त्यामुळे मॅग्नेशियम कमी वाटत नाही. शेंड्याकडची पिवळी म्हणजे लोहच. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसते, पण ते तयार व्हायला लोह लागतेच.

१० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल फवारले की ठिपक्याठिपक्यांनी हिरवेपणा येतो, नवी फूट मात्र परत पिवळी. जमिनीतून दिलेले फेरस सल्फेट चुनखडीत अडकते. ईडीटीए चिलेटही (लोहाला धरून विरघळलेले ठेवणारे संयुग) या सामूला टिकत नाही, म्हणून जास्त सामूतही टिकणारे ईडीडीएचए लोह चिलेट ठिबकमधून द्यायचे आहे.

एकरी किती, किती हप्त्यांत? पाण्यात बायकार्बोनेट जास्त आहे, आधी आम्ल सोडावे का? अशाच जमिनीत वापरलेल्यांनी कृपया प्रमाणासह सांगा.