वडिलांच्या पश्चात वारसनोंद, वाटणी आणि हक्कसोड : सर्व कामे एकाच वकील कार्यालयाकडे सोपवावीत का?

प्रश्न (चोपडा तालुका)
नमस्कार. वडील मागच्या श्रावणात गेले. त्यांच्या नावावर आठ एकर वडिलोपार्जित शेती आणि बँकेत एक मुदत ठेव आहे. मागे आई, आम्ही दोघे भाऊ आणि पाचोऱ्याला दिलेली बहीण आहोत. एका वकील कार्यालयाने वारसनोंद, वाटणीपत्र, बहिणीचे हक्कसोडपत्र, ठेवीसाठीचे वारसा प्रमाणपत्र आणि आईचे मृत्युपत्र अशी सर्व कामे एकत्रित करून देण्याची तयारी दाखवली असून, त्यासाठी जमिनीच्या किमतीवर टक्केवारी मागितली आहे. दादांचे म्हणणे असे, की एकदाचे सगळे मार्गी लागू द्या. मात्र बहिणीला अद्याप कोणी काही विचारलेले नाही, आणि हे माझ्या मनाला पटत नाही. यातले वकिलाशिवाय न होणारे काम नेमके कोणते?

उत्तर (रावेर, निवृत्त महसूल कर्मचारी)
भाऊ, वारसनोंदीला वकील लागत नाही. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठी कार्यालयात द्यावा. ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरूनही अर्ज करता येतो. फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, लिहिल्यावर नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. एक गोष्ट मात्र आवर्जून पाहा. मुलांची नावे सातबाऱ्यावर भोगवटादार (जमीनधारक) सदरी आणि आई-बहिणीची नावे ‘इतर हक्का’त, अशा नोंदी मी नोकरीच्या काळात कितीतरी पाहिल्या आहेत. तुमच्या उताऱ्यावर चौघांचीही नावे भोगवटादार म्हणूनच लागली पाहिजेत.

उत्तर (अमळनेर)
दादा, मी स्वतः हक्कसोड दिलेली बहीण आहे. ‘वारस लावायला सही पाहिजे’ एवढेच सांगून मला दुय्यम निबंधक कार्यालयात नेले. छायाचित्र काढले, यंत्रावर अंगठा ठेवायला लावला, आणि दस्तात काय लिहिले आहे ते समजले का, असे तिथल्या कर्मचाऱ्याने विचारले तेव्हा माझ्याआधी भावानेच ‘हो’ म्हटले. पुढे दस्ताची प्रत मागवली, तेव्हा मला कळले की मी वडिलांच्या जमिनीतला हिस्सा सोडला आहे. कदाचित विचारले असते, तर मी आनंदाने सोडलाही असता. आपल्या बहिणीला तो कागद आठ दिवस आधी घरी वाचायला द्या, एवढेच कळकळीने सांगते.

उत्तर (धुळे, वकील)
ताईंनी लिहिले तेच या प्रश्नाचे मर्म आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणेच जन्मतः सहहिस्सेदार ठरली, आणि त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. आपल्या बाबतीत आधी वडील, आई आणि तीन भावंडे असे पाच समान हिस्से कल्पून वडिलांचा एक-पंचमांश पुन्हा चौघांत वाटला, तर प्रत्येकाला बरोबर चौथा हिस्सा, म्हणजे दोन एकर येतात. बहीण सोडणार आहे ती ही दोन एकर जमीन. तीही कोणाच्या लाभात, आईच्या की भावांच्या, हे दस्तात स्पष्ट लिहावे लागते, आणि नोंदणी झाल्यावर केवळ मन बदलले म्हणून तो दस्त मागे घेता येत नाही. म्हणून भावांनी नेमलेल्या वकिलानेच बहिणीलाही सल्ला देणे मला अयोग्य वाटते. महिलांना उत्पन्नाची अट न लावता 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत वकील मिळतो. पाचोऱ्याच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे त्यांनी अर्ज करावा.

टक्केवारीबद्दल म्हणाल, तर वादातील मालमत्तेत वाटा घेण्यास किंवा निकालावर अवलंबून शुल्क ठरवण्यास बार कौन्सिलचे नियम मनाई करतात. वाटणीपत्रासारख्या दस्ताच्या कामालाही मी किमतीवर टक्केवारी कधी मान्य करणार नाही. प्रत्येक कामाचे शुल्क स्वतंत्र आणि लेखी मागा. सर्वांची संमती असल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. ठेवीला नामनिर्देशन असेल, तर बँक त्या व्यक्तीला रक्कम देते. पण ती व्यक्ती वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारते, एकटी मालक होत नाही. आईचे मृत्युपत्र आईने दोन साक्षीदारांसमोर, स्वतःच्या इच्छेने करावे. त्याची आत्ताच घाई करू नये.

उत्तर (शहादा)
आमच्या भागातील वाचकांसाठी थोडी भर घालतो. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करण्यास जमीन महसूल संहितेच्या कलम 36 व 36-अ चे निर्बंध आहेत. त्यामुळे वरील हिशेब तिथे जसाच्या तसा धरू नये.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. वारसनोंदीचा अर्ज आम्ही स्वतःच करतो, चौघांच्याही नावाने. एकत्रित कामाला तूर्त नकार कळवला आहे. रविवारी मी आणि आई पाचोऱ्याला जाणार आहोत. हक्कसोडीचा कागद सोबत नेणार नाही, केवळ सातबारा नेणार आहे. दादांनाही सोबत येण्याची विनंती केली आहे. ते अजून काही बोललेले नाहीत.