फेस्ट, शांतता क्षेत्र आणि आमचा डीजे

कुणीतरी म्हटलंय की मेडिकलची पोरं फेस्टमध्ये आठवडाभर नुसता धिंगाणा घालतात. घालतात की, नाही कशाला म्हणू! पण मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात सेकंड इयरला स्पोर्ट्स कमिटीत होते, सेकंड इयरवालेच राबतात कारण फर्स्टवाले अ‍ॅनाटॉमीत बुडालेले आणि फायनलवाल्यांना वॉर्डातून सुटका नाही. खरी डोकेदुखी आवाजाची. हॉस्पिटलभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र, वर ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर बंद, आणि आमचं ग्राउंड ओपीडीला चिकटून, मग डीजे लावणार कुठे? शेवटी वाशीत एक हॉल घेतला, अर्धं बजेट त्याच्या डिपॉझिटमध्येच गेलं आणि ते परत मिळवायला दोन महिने चकरा. कॅम्पसवर कॅरम, बॅडमिंटन आणि टेनिस बॉल क्रिकेट एवढंच. सेमीफायनलला आमचा ओपनर इंटर्न होता, 22 वर खेळत होता आणि कॅज्युअल्टीतून, म्हणजे तातडीच्या विभागातून, फोन आला, गडी बॅट माझ्या हातात कोंबून पळालाच. स्कोअररने वहीत ‘रिटायर्ड हर्ट’ लिहिलं. हर्ट आम्ही झालो होतो, 4 रनांनी हरलो ना.