मदत हवी आहे: नाल्यात पडलेल्या स्प्लेंडरचं ऑइल दुधाळ झालंय

काल काकाजींची स्प्लेंडर (2016, कार्बोरेटरवाली) घेऊन आम्ही तिघं मित्र आर्वीला निघालो. रपट्यावर (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर) गुडघाभर पाणी होतं, तरी घातली. शहाणपण उतू चाललं होतं! गाडी आडवी झाली, सायलेंसर पाण्यात. त्यातही येड्यासारख्या आठ-दहा किका मारल्या.

ढकलत वावरातल्या कोठ्यात आणली. प्लग काढून किक मारली तर पिचकारीसारखं पाणी उडालं. कार्बोरेटरचं पाणी सोडलं, एअर फिल्टर वाळवला. अजून चालू करून पाहिली नाही, कारण ऑइलच्या कांडीवर दुधाच्या चहासारखा रंग आहे, म्हणजे ऑइलात पाणी गेलंय.

लायसन्स माझ्याकडे आहे. गावातला मेकॅनिक काकाजींचा दोस्त, म्हणून तिकडे जाता येत नाही. काकाजी परवा येतात.

जुनं ऑइल काढून नवं टाकलं तर एकदाच बदलून भागेल, की थोडं चालवून पुन्हा बदलावं लागेल?