अलिबाग: किनाऱ्यापलीकडचं

‘अलिबागला किनाऱ्याशिवाय काय आहे? आईबाबा आणि मुलं कंटाळतील’ असं म्हणतात, ते मला नाही पटलं. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं, ओल्या वाळूवरून, घोट्याएवढ्या पाण्यातून. आत राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, आणि चारी बाजूंना खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर! मुलं तिथून हलत नाहीत. ज्येष्ठांसाठी घोडागाडी असते. भरतीआधी परत फिरा मात्र.

गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, तिथे जाच. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेणारी चुंबकीय वेधशाळाही याच गावात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्यामुळे नोंदी बिघडणार, म्हणून ती 1904 मध्ये इथे आणली. हिवाळ्यात गेलात तर पोपटी, म्हणजे मडक्यात वाफवलेल्या शेंगा, खाल्ल्याशिवाय येऊ नका. भांबुर्ड्याच्या, म्हणजे एका रानटी झुडपाच्या, पाल्यात वाफवलेल्या वालाच्या शेंगांचा वास अजून आठवतो.