मुक्त पत्रकारांना शिकवणाऱ्या, सांभाळणाऱ्या संस्था: सुरुवात कुठून करू?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. वृत्तपत्रातली नोकरी सोडून आता मुक्त पत्रकारिता करते आहे. लिहिण्याची धास्ती नाही, पण पाठीशी ऑफिस नाही हे रोज जाणवतं. नोटीस आली तर वकील नाही, दौऱ्यावर काही झालं तर विमा नाही, आणि एखादी गोष्ट कशी शोधायची हे विचारायला शेजारच्या टेबलावर कुणी नाही. पुढचं काम युद्धामुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांवर करायचं आहे. छावण्यांमध्ये जावं लागेल, कदाचित सीमेच्या बरंच जवळ.

पत्रकारांसाठी काम करणाऱ्या ना-नफा संस्था जगभर आहेत एवढं माहीत आहे. शोधायला गेलं की नावांचा ढीग पडतो आणि सगळ्यांची संकेतस्थळं एकसारखीच वाटतात. कोण शिकवतं, कोण पैसे देतं, अडचणीत कोण धावून येतं, काही उलगडत नाही. चांगल्या फेलोशिपपासून सुरुवात करावी असं डोक्यात आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा. नुसती यादी नको, आधी काय आणि नंतर काय ते सांगा.

जुनी लेखणी

फेलोशिप सगळ्यात शेवटी. आधी प्रथमोपचार शिकून घ्या. चेष्टा करत नाही.

२०११ च्या एप्रिलमध्ये लिबियातल्या मिसराता शहरात छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन जखमी झाले आणि रक्तस्रावाने गेले. रक्त थांबवण्याचं साधं शिक्षण सोबतच्या लोकांना असतं तर कदाचित ते वाचले असते, ही गोष्ट त्यांचे सहकारी सेबॅस्टियन युंगर यांच्या मनात घर करून राहिली. त्यातून त्यांनी ‘रिस्क’ ही संस्था काढली. संघर्षाच्या ठिकाणी काम करणाऱ्या मुक्त पत्रकारांना ती मोफत प्रथमोपचार शिकवते. मोठ्या वाहिन्या आपल्या माणसांना असलं प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने देतात. मुक्त पत्रकाराला कोण देणार?

धोकादायक भागात कसं वावरायचं याचे काही दिवसांचे पूर्ण वर्गही असतात. ‘हेफॅट’ म्हणतात त्यांना. तपासणी नाक्यावर कसं बोलायचं, गोळीबार सुरू झाला तर कशाच्या आड जायचं, पळवून नेलं तर काय, हे सगळं त्यात करून घेतात. वर्ग महाग असतात, पण त्यासाठी रोरी पेक ट्रस्टकडे मदत मागता येते. रोरी पेक हे मुक्त कॅमेरामन, १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये मॉस्कोत वार्तांकन करताना मारले गेले. ट्रस्ट १९९५ पासून फक्त मुक्त पत्रकारांसाठी आहे, आणि ‘फक्त’ हा शब्द महत्त्वाचा. बाकी बऱ्याच ठिकाणी आपण नोकरदार पत्रकारांच्या रांगेत मागे उभे असतो.

बुलेटप्रूफ जॅकेट आणि हेल्मेट विकत घेऊ नका. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’, म्हणजे आरएसएफ, ते वापरायला देते. आणि आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसची पत्रकारांसाठीची हॉटलाइन १९८५ पासून चालू आहे. पत्रकार अटकेत असेल, बेपत्ता असेल, जखमी असेल तर घरचे किंवा संपादक तिथे फोन करू शकतात. तो नंबर तुमच्या फोनमध्ये असून उपयोग नाही, घरी भिंतीवर लावून जा.

तळटीप

लेखणीराव सुरुवातीलाच घाबरवतात, पण म्हणतात ते बरोबर आहे. मी घरबसल्या शिकण्याबद्दल लिहितो.

टेक्सास विद्यापीठातलं नाइट सेंटर २०१२ पासून पत्रकारांसाठी सर्वांना खुले ऑनलाइन अभ्यासक्रम चालवतं. डेटा, पडताळणी, निवडणुका, आरोग्य असे बरेच विषय. शिकायला पैसे पडत नाहीत, छापील प्रमाणपत्रासारखा कागद हवा असेल तर शुल्क असतं. कागद घेऊ नका, कुठलाही संपादक तो विचारत नाही. संपलेल्या अभ्यासक्रमांचं साहित्यही खुलं ठेवतात, तेव्हा तारखेची वाट बघू नका.

शोधपत्रकारितेसाठी जीआयजेएन, म्हणजे शोधपत्रकारांच्या संस्थांचं जागतिक जाळं. त्यांचं संसाधन केंद्र एकदा उघडलं की संध्याकाळ गेलीच समजा. कंपनीचा मालक कसा शोधायचा, जहाजाचा माग कसा काढायचा, उपग्रहाची चित्रं कशी वाचायची, सगळं अनेक भाषांत. दर दोन वर्षांनी जागतिक परिषद असते, २०२३ साली गोथेनबर्गला झाली, २०२५ साली क्वालालंपूरला. परिषदेला येण्याजाण्याच्या खर्चासाठी ते फेलोशिपही देतात. ही फेलोशिप मात्र जुन्या लेखणीच्या ‘शेवटी’च्या नियमात बसत नाही, तिला जरूर अर्ज करा. नंतर वर्षानुवर्षं उपयोगी पडणारी ओळखीची माणसं तिथेच भेटतात.

छावणीतून लोक व्हिडिओ पाठवतील. तो कुठला, कधीचा हे ठरवायला बेलिंगकॅट या खुल्या माहितीवरून शोध घेणाऱ्या गटाची साधनसूची आणि मार्गदर्शक लेख बघा, दोन्ही मोफत आहेत. कंपन्यांच्या नोंदी आणि फुटलेली कागदपत्रं चाळायला ओसीसीआरपी या शोधपत्रकारांच्या संस्थेचा ‘अलेफ’ साठा.

संधींच्या तारखा एका जागी हव्या असतील तर आयजेनेट हे संकेतस्थळ. आयसीएफजे ही वॉशिंग्टनची संस्था १९८४ पासून आहे, हे तिचंच. बाकी कुठल्या ग्रुपवर जायची गरज नाही. आणि अर्जासाठी पैसे मागणारी फेलोशिप दिसली तर पान तिथेच बंद करा.

शंकासुर

सगळं ठीक, पण हा पैसा येतो कुठून? परदेशी सरकारं आणि धनाढ्यांच्या देणग्या. उद्या त्यांच्याविरुद्धच लिहायची वेळ आली तर? आणि नळ बंद झाला की काय होतं ते २०२५ साली दिसलंच. जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, आणि आरएसएफच्या म्हणण्याप्रमाणे स्वतंत्र माध्यमांसाठी ठरलेले २६ कोटी ८० लाख डॉलर त्यात अडकले.

लाल शाई

शंकासुर, प्रश्न रास्त आहे आणि मला त्याचं गोड उत्तर देता येणार नाही. पैसे कुणाचे हे संस्थेच्या वार्षिक अहवालात असतं, अर्ज करण्याआधी ते पान वाचावं. अहवाल सापडत नसेल तर तेही उत्तरच आहे. करारात ‘मजकूर प्रसिद्धीआधी दाखवावा’ असं कलम असेल तर मी सही करणार नाही, रक्कम कितीही असो. आणि २०२५ नंतर बरेच कार्यक्रम आटले आहेत. संकेतस्थळावर पान जिवंत दिसतं, आत कार्यक्रम बंद असतो. म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी एक ओळीची मेल टाकून विचारा, ही फेरी होणार आहे का.

आता अर्धविराम, तुमच्या पैशांबद्दल. असल्या एका निधीसाठी आलेले अर्ज वाचण्याचं काम मी काही काळ केलं आहे. बहुतेक अर्ज एकाच कारणाने बाद होतात: त्यात विषय असतो, बातमी नसते. ‘विस्थापितांचे हाल’ हा विषय झाला. त्यावर कुणी पैसे देत नाही, कारण तो दरवर्षी शेकडो जण पाठवतात. ‘अमुक छावणीत नोंद असलेली कुटुंबं आणि प्रत्यक्ष धान्य उचलणारी कुटुंबं यांचा मेळ बसत नाही, वाटपाचं कंत्राट ज्या कंपनीकडे आहे तिची नोंद मी काढली आहे, आणि तिथली दोन माणसं बोलायला तयार आहेत’ ही बातमी झाली. वाचणाऱ्याला कळतं की या बाईंनी पैसे मिळण्याआधीच काम सुरू केलंय. पहिल्या चार ओळींत ते दिसलं पाहिजे. विस्थापनाचा इतिहास सांगणारा परिच्छेद तर काढूनच टाका, समितीला तो पाठ असतो.

तुमच्या कामाला पुलित्झर सेंटर जवळचं वाटतं. २००६ साली सुरू झालेली ही संस्था पुलित्झर पारितोषिकांपासून वेगळी आहे, त्यात गल्लत करून अर्जात ‘आपल्या पारितोषिकाची परंपरा’ वगैरे लिहिणारे लोक असतात! ते प्रामुख्याने बातमीमागचा प्रवासाचा आणि फिल्डवरचा खर्च देतात. मजकूर कुठे छापून येणार हे मात्र विचारतात. तेव्हा आधी एखाद्या संपादकाकडून ‘आम्हाला यात रस आहे’ असं पत्र घ्या. ते पत्र मिळवणं अर्ज लिहिण्यापेक्षा अवघड आहे, पण त्याच्याशिवाय अर्ज लंगडा. महिला पत्रकारांसाठी आयडब्ल्यूएमएफ १९९० पासून आहे. वार्तांकनाला अनुदानं देते, आपत्कालीन निधीही आहे.

ऑक्सफर्डची रॉयटर्स इन्स्टिट्यूट, हार्वर्डची नीमन, या मोठ्या फेलोशिप थांबून विचार करायला असतात. पाच वर्षांचा अनुभव मागतात, तो तुमच्याकडे असेल. पण हातात ताजी बातमी असताना माणसाने ग्रंथालयात का बसावं?

कॅमेरावाला

लाल शाईंशी थोडा असहमत. दमलेल्या माणसाला एखादं सत्र बाहेर काढता येणं ही चैन नसते. काहींनी त्या जोरावरच हा धंदा टिकवला आहे.

अजून एक, इथे कुणी बोललं नाही म्हणून. मृतदेहांची, मारहाणीची दृश्यं तासन्तास बघावी लागतील. पत्रकारिता आणि मानसिक आघात यांवर काम करणाऱ्या डार्ट सेंटरने पत्रकारांसाठी त्यावर अगदी व्यवहारी सूचना केल्या आहेत: आवाज बंद ठेवा, खिडकी लहान करा, रंग घालवून बघा, तोच तुकडा पुन्हा पुन्हा चालवू नका, फाइलच्या नावातच आत काय आहे ते लिहा म्हणजे नकळत उघडली जाणार नाही. आघात सोसलेल्या माणसाची मुलाखत कशी घ्यायची यावरही त्यांचं साहित्य आहे, ते छावणीत जाण्याआधी वाचाच. मूल बोलत असेल तर विशेष.

जुनी लेखणी

वकिलाचं राहिलं होतं. मीडिया डिफेन्स, लंडनची संस्था, २००८ पासूनची. ती तुमच्या खटल्याचा खर्च उचलायला मदत करते, वकील बहुधा तुमच्याच देशातला असतो. माल्टाच्या डॅफ्नी कारुआना गॅलिझिया यांची २०१७ साली हत्या झाली तेव्हा त्यांच्यावर अब्रुनुकसानीचे चाळीसहून अधिक दावे चालू होते, आणि त्यातले कितीतरी पुढे त्यांच्या वारसांवर चालले. दावे जिंकायचे नसतातच, पत्रकाराचा वेळ आणि पैसा खायचा असतो. म्हणून नोटीस आल्या दिवशीच कळवा. चिडून स्वतः उत्तर लिहू नका.

फोनमध्ये कुणी घुसल्याची शंका आली तर ॲक्सेस नाउची डिजिटल सुरक्षा हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, दोन तासांत उत्तर देण्याचा त्यांचा शब्द आहे. अटक, हल्ला, तातडीने देश सोडावा लागणं अशा वेळी सीपीजे, म्हणजे पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणारी समिती. १९८१ पासूनची आहे, आपत्कालीन मदतही देते. पण तिथे पडताळणी होते: तुम्ही खरंच पत्रकार आहात का, धोका कामामुळेच आहे का. प्रसिद्ध झालेल्या मजकुराच्या लिंक, ओळख देऊ शकतील अशा दोन संपादकांची नावं, धमक्यांच्या तारखा, हे सगळं आजच एका फाइलमध्ये ठेवा. धावपळीत ते जमवता येत नाही.

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. फेलोशिपचा अर्ज बाजूला ठेवला. रोरी पेकला प्रशिक्षणाच्या मदतीबद्दल लिहिते, तोवर नाइट सेंटरचा डेटाचा जुना अभ्यासक्रम सुरू करते. एका संपादकांशी पत्राबद्दल बोलणं झालंय, ते टिपण मागतायत. लाल शाई, टिपण व्यनि केलं आहे, वेळ झाला तर नजर टाकाल का? आणि एक शंका: माझ्याबरोबर दुभाषी बाई असतील, त्या तिथल्याच. या संस्था त्यांचं काही बघतात का?

लाल शाई

विचारलंत ते बरं केलंत, फार थोडे जण विचारतात. २०१४ साली मुक्त पत्रकारांच्या हत्या झाल्या त्यानंतर माध्यमसंस्थांनी आणि पत्रकार संघटनांनी मिळून सुरक्षेची जी तत्त्वं ठरवली, एकॉस अलायन्स ज्यांचं काम बघते, ती स्थानिक सहकाऱ्यांनाही धरूनच वाचायची. मजकूर आल्यावर तुम्ही निघून जाता, त्या तिथेच राहतात. तेव्हा त्यांचं मानधन, प्रवास, विमा हे अंदाजपत्रकात वेगळ्या ओळींवर लिहा, ‘इतर खर्च’ मध्ये कोंबू नका. नाव द्यायचं की नाही तेही त्यांनाच विचारा, आणि मजकूर छापून यायच्या आधी पुन्हा एकदा विचारा.

टिपण वाचलं. दुसरा परिच्छेद पहिला करा, पहिला काढून टाका. आणि दुभाषी बाईंचे दिवस फार कमी धरले आहेत, तुम्ही परत आल्यावर ध्वनिमुद्रणं उतरवायलाही त्या लागतील.