चार्जिंगच्या जागेवर पेट्रोलच्या गाड्या

इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जरसमोर पेट्रोलची गाडी दिसली की मागे आपली आडवी लावून तिला कोंडायची, अशी सूचना कुणीतरी केली आहे. मला ती पटली नाही. इंदूरमध्ये तर नाहीच. इथे दोन मिनिटांत वीस माणसं जमतात आणि प्रत्येकाचं मत वेगळं.

मागच्या हिवाळ्यात भोपाळला निघायचं होतं. विजयनगरकडच्या चार्जरवर गेलो, तर एक भलीमोठी डिझेल गाडी जागा अडवून उभी. मालक समोर गराडू (तळलेला कंद) खात होते. 'भिया, पाँच मिनट!' मी काचेवर ठोकलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. बाजूला उभा राहून म्हटलं, 'काका, तुमच्या पंपावर कुणी नळीसमोर गाडी लावून जेवायला गेलं तर?' हसले, पण हलवली. (गराडू संपवून, अर्थात.)

मला जास्त राग आपल्याच हिरव्या पाटीवाल्यांचा, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचा येतो. फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग खूप घटतो, तरी १०० होईपर्यंत गाडी तिथेच, मालक मॉलमध्ये. वाटेत पुढे चार्जर नसेल तर समजू शकतो. शहरात फिरायला कशाला? काचेखाली फोन नंबर ठेवा, निदान हाक तरी मारता येईल. आणि दुसऱ्याची पिन ओढू नका. चार्जिंग चालू असताना ती बहुतेक गाड्यांत लॉक असते, खेचाखेचीत सॉकेटच तुटायचं.

मालक सापडलाच नाही तर नंबरप्लेटसकट फोटो काढून चार्जरवर लिहिलेल्या हेल्पलाइनला कळवा.